गाडीला पिकअप नाही

मंगळवार, २६ नोव्हेंबर

संविधान दिन. मुलांकडून उद्देशिका म्हणवून घेतली, फेरी काढली, फेरीचे फोटो ग्रुपवर टाकले. निवडणुकीच्या ड्युटीचा शीण अजून पाठीतून गेलेला नाही.

शाळा सुटल्यावर हे घ्यायला आले ते तोंड पाडूनच. मी दार लावून बसले तशी म्हणाले, "गाडीला पिकअप नाही."

"काय झालं?"

"काय व्हायचंय? हायवे ओलांडताना ट्रक एकदम अंगावर आला. मी पाय दाबून धरला, तर ही उचलायलाच तयार नाही. हॉर्न मारत बाजूनं गेला म्हणून वाचलो."

मुरूम सोडून हायवेला लागायचं, तो आडवा ओलांडायचा आणि पलीकडं उतरलं की माझ्या शाळेचं गाव. दुभाजकात ओलांडायला मोकळी जागा आहे तिला इथं सगळे कट म्हणतात. सोलापूरहून हैदराबादकडं जाणारं सगळं त्या कटापुढून जातं. ट्रक, ट्रॅव्हल्स, आणि आता हंगाम सुरू झाल्यामुळं उसाचे ट्रॅक्टर. मला त्या कटाची पहिल्यापासून भीती.

ही आमची पहिलीच गाडी. पाटबंधारे खात्यातून हे निवृत्त झाले तेव्हा हौसेनं घेतली, छोटी, सीएनजीवरची. सकाळी मला सोडायचं आणि संध्याकाळी आणायचं, हे तेव्हापासून ह्यांनी अंगावर घेतलेलं काम. दोन वर्षं गाडीचं कौतुक चाललं. गेल्या दोन महिन्यांत तिच्यात खोटच खोट दिसायला लागली आहे.

डोळे मिटतायत. पुरे.


शुक्रवार, २९ नोव्हेंबर

गाडी बंडप्पाच्या गॅरेजला दाखवली. मला घरी सोडून परत जायचा कंटाळा म्हणून मलाही तिकडंच नेलं. ऑइलच्या वासात तास काढला. बंडप्पा स्वतः एक चक्कर मारून आला.

"सर, गाडीत काय बी न्हाय. प्लग नवे हायत, फिल्टर नवा हाय. ही अशीच उचलतीय. गॅसवर तर अजून दमानं."

"मग आधी कशी पळायची?"

"आधी बी अशीच पळायची, सर."

ह्यांना राग आला. बंडप्पा तोंडावर बोलला म्हणून की काय कोण जाणे. बाहेर पडताना जमिनीवर ठेवलेल्या टायरला पाय अडकून हे पडता पडता वाचले. बंडप्पानं हाताला धरलं, तर हे त्याच्यावरच उखडले, "रस्त्यात कशाला सामान मांडता रे?" टायर रस्त्यात नव्हता, भिंतीला लावून ठेवला होता.


सोमवार, २ डिसेंबर

रणधीर आला होता. शेजारचा, खताचं दुकान आहे त्याचं, यंदा मोठी गाडी घेतली आहे. ह्यांना गाडीवर बोलायला माणूस हवाच असतो. ओट्यावर दोघांची बैठक रंगली.

"सर, टर्बो घ्या टर्बो. पाय ठेवला की सुटती. शून्यापासून शंभरला जायला निम्मा वेळ."

मी चहा देताना म्हटलं, "इथं शंभरनं जायचं कुठं? पुढं उसाची ट्रॉली असते."

"मॅडम, शंभर जायसाठी न्हाय. निसटायसाठी," रणधीर म्हणाला. "कटावर गॅप सापडला की घुसता आलं पाहिजे. स्लो गाडीनं तिथंच घात होतोय."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. बघ, तुला पटत नव्हतं ना, असा चेहरा.

त्यात रणधीरचं अगदीच चूक होतं असं मला वाटत नाही. पण दोन वर्षं ह्याच गाडीनं हाच कट ओलांडला, तेव्हा काही नडलं नाही.

चहाची कपबशी मी ह्यांच्या डाव्या हाताशी ठेवली होती. हात लागून सांडली. "सांगून तरी ठेवत जा," म्हणाले. आतून जाईआत्या बोलल्या. ह्यांच्या आई त्या, ऐंशीच्या पुढं गेल्या, पण कान शाबूत आहेत. मला म्हणाल्या, "मच्छिंद्रा बापावाणीच व्हायलाय गं. त्यांचा खांदा बी असाच चौकटीला लागायचा. वस्तू लवंडायची आन् आमच्यावर वरडायचं."

आत्यांना हल्ली सगळ्यांमध्ये गेलेली माणसं दिसतात. कपबशी पुसून घेतली.


शुक्रवार, ६ डिसेंबर

संध्याकाळी विहारात गेलो. गर्दी होती. मेणबत्त्या, पांढऱ्या साड्या, लहान लेकरं. वंदना झाली, भाषणं झाली. ह्यांनाही दोन शब्द बोलायला बोलावलं. उठून पुढं जाताना कडेला बसलेल्या एका बाईच्या हातावर ह्यांचा पाय पडला. ती कळवळली. हे "माफ करा" म्हणून पुढं गेले आणि परत येताना पुन्हा तिच्याच ओढणीवर पाय. मागं पोरी तोंडाला रुमाल लावून हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येताना म्हटलं, "जरा बघून चालत जा हो."

"बघूनच चालतोय. लोकंच दाटीवाटीनं बसतात."

सांगायचा मुद्दा हा की माणसाचं लक्षच राहिलेलं नाही. नोकरीत होते तेव्हा कालव्याच्या पाण्यावर ह्यांची नजर असायची, एक दार कमीजास्त झालेलं लांबून कळायचं. आता मी शेजारी येऊन उभी राहिले तरी ह्यांना पत्ता नसतो. बोलले की दचकतात. परवा नवीन साडी नेसून बराच वेळ बाजूला बसले होते. शेवटी स्वतःच सांगितलं. तेव्हा मान वळवून म्हणाले, "अरे, छान आहे की."

इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायको अशी दिसेनाशी होत असेल का? कुणाला विचारायचं हे. माझ्या जोडीला शिकवणाऱ्या शिवप्रियाला विचारलं तर शाळाभर होईल.


बुधवार, ११ डिसेंबर

आज लिहायचं मन नाही. तरी लिहिते.

येताना अपघात झाला. आम्हाला दोघांना काही नाही.

गावाकडून हायवेच्या तोंडाशी येऊन थांबलो. मी शेजारच्या सीटवर होते, खाली बघून मोबाइलवर पोषण आहाराची माहिती भरत होते. नेट येत-जात होतं. हे उजवीकडं बघत होते, तिकडूनच गाड्या येतात. एक ट्रक गेला, दुसरा गेला. गाडी सुटली. तेवढ्यात माझ्या बाजूनं धाडकन आवाज. मी वर बघितलं तर मोटारसायकल आडवी आणि एक बाई रस्त्यावर बसलेली, उजवा हात डाव्यात धरून. वर डोकं करून माझ्याकडं बघत होती. ओरडत नव्हती, ह्याचीच जास्त भीती वाटली.

दगडाबाई. आमच्याच शाळेच्या गावची. तिची नात माझ्या तिसरीच्या वर्गात आहे. मुलगा उत्तरेश्वर गाडी चालवत होता, त्याला खरचटलं. पुढच्या कटापर्यंत जायचं टाळायला ते हायवेच्या कडेनं उलट बाजूनं येत होते. इथं सगळेच तसे येतात.

त्यांना आमच्याच गाडीतून उमरग्याला नेलं. मनगट मोडलं आहे. प्लास्टर घातलं. उत्तरेश्वर वाटभर काचेबाहेर बघत होता. दगडाबाईच दोनदा म्हणाली, "बाई, तुमी रडू नका."

घरी आल्यावर हे बराच वेळ गाडीच्या डाव्या बंपरपाशी उभे होते. मग आत आले. "पिकअप असता तर तो यायच्या आत मी कटात पोचलो असतो."

मी म्हटलं, "तुम्हाला मोटारसायकल दिसली नाही?"

"राँग साइडनं आला तो! एकदम आला!"

एवढ्या मोठ्यानं ओरडायची गरज नव्हती. आत्या उठून बसल्या.


गुरुवार, १२ डिसेंबर

रजा टाकली. झोप नाही. ह्यांनी आज गाडी काढली नाही. दिवसभर फोनवर नव्या गाड्यांचे व्हिडिओ बघत होते. आवाज माझ्या डोक्यात घुमतोय.


रविवार, १५ डिसेंबर

दगडाबाईला भेटून आलो. फळं नेली. मला वाटलं होतं तिच्या घरचे बोलतील, भांडतील. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं पत्र्याच्या सावलीत गोधडी टाकली, सुनेला चहा ठेवायला सांगितला.

हे म्हणाले, "मावशी, गाडी उचललीच नाही बघा. जुनाट इंजिन. ही विकून टाकणार आहे मी."

दगडाबाई ह्यांच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "सायेब, राग मानू नका. चूक आमची बी हाय, उलट्या अंगानं आलो. पर तुमी उभे होता तवाच म्या तुमाला वळखलं. आपल्या बाईंची गाडी म्हून हात केला. उत्तरेश्वरनं हॉर्न बी दिला. तुमी मान हालवली न्हाय. म्हून आमाला वाटलं, थांबलेत, जाऊ द्यायलेत."

"मी उजवीकडं बघत होतो."

"न्हाय ओ. समोर बघत हुता."

सुनेनं चहा आणला.

परत येताना मी स्वतःलाच विचारत होते, एवढा हात केला, हॉर्न दिला, तरी लक्ष जाऊ नये? माणूस कसल्या विचारात असतो? निवृत्तीनंतर काहीजणांना उदासी येते म्हणतात. बोलत नाहीत, आतल्या आत कुढतात. ह्यांचं तसं काही चाललं असेल तर मला कळायला हवं होतं. संध्याकाळी विचारलं, "मन लागत नाही का तुमचं?"

"मनाला काय झालंय? गाडीचं बोल."


गुरुवार, १९ डिसेंबर

शाळेत तपासणी. घरी आत्यांना ताप. सोलापूरला श्रावस्तीला फोन केला, अपघाताचं तिला आजवर सांगितलं नव्हतं. ती बँकेत असते, कामाचा ताण तिलाही आहे. पण लेकीशी बोलता बोलता तोंडातून निघून गेलं. तिनं सगळं खोदून खोदून विचारलं. मग म्हणाली, "रविवारी या दोघं. पप्पांना सांग, नवी गाडी बघू म्हणावं." ती बापाचाच हट्ट पुरवणार, दुसरं काय.


रविवार, २२ डिसेंबर

सोलापूर. एस.टी.नं गेलो, गाडी घेऊन जायला मीच नको म्हटलं. आत्यांजवळ शेजारच्या सत्यभामाकाकूंना बसवलं.

शोरूममध्ये शिरल्यावर हे मोकळे झाले. किती दिवसांनी असे हसताना बघितले. विक्रीवाल्या मुलीला म्हणाले, "मला दुसरं काही नको. उचलते कशी तेवढं दाखवा."

चाचणीला आम्ही चौघं. हे चालवायला, शेजारी ती मुलगी, मागं मी आणि श्रावस्ती. मोकळा रस्ता आला तशी ती म्हणाली, "आता दाबा, सर." गाडी अशी काही सुटली की माझं डोकं मागं आपटलं. ह्यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं. लहान पोरासारखा चेहरा. "बघितलंस? याला म्हणतात पिकअप!"

खरं सांगते, मलाही क्षणभर वाटलं, घेऊन टाकावी. एवढ्यानं माणूस जागेवर येत असेल तर घ्यावीच.

वळून परत येताना डाव्या कडेला एक रिक्षा उभी होती. हलत नव्हती, नुसती उभी. लांबून दिसत होती. मी बघत होते, श्रावस्ती बघत होती. हे आता उजवीकडं घेतील, मग घेतील. त्या मुलीनं "सर! सर!" करत स्टीअरिंगला हात घातला आणि गाडी ओढली. रिक्षाचा आरसा आमच्या आरशाला लागून खट्ट वाजला. एवढ्यावर भागलं.

हे ब्रेक दाबून बसले होते. "कुठून आली ती?" म्हणाले.

ती मुलगी पांढरी पडली होती. हळूच म्हणाली, "ती उभीच होती, सर."

ह्या गाडीला पिकअप होता.

श्रावस्तीनं बापाच्या खांद्यावर मागून हात ठेवला. "पप्पा, तुम्ही इकडं या. मी घेते." ह्यांनी वाद घातला नाही. उतरून पुढून वळसा घालताना एक हात गाडीवरून फिरवत आले.

रात्री इथंच मुक्काम. उद्या डोळ्याच्या डॉक्टरकडं नंबर लावला आहे. श्रावस्तीनं तो गुरुवारीच लावून ठेवला होता. मला आत्ता सांगतेय.


सोमवार, २३ डिसेंबर

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डावा जास्त.

डॉक्टरबाईंनी नीट समजावून सांगितलं. समोरचं दिसत राहतं, वाचता येतं, म्हणून माणसाला कळत नाही. कडेकडेनं जात राहतं. मेंदू राहिलेली जागा आपल्या मनानं भरून काढतो, तिथं अंधार आहे हेही कळू देत नाही. घरात कुणाला होता का, असं विचारलं. हे म्हणाले, वडील शेवटी आंधळे झाले होते, वयामुळं. डॉक्टरबाई म्हणाल्या, वयामुळंच असेल असं नाही.

एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. आत बारीक दिवे लागतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. हे बटण हातात घेऊन स्थिर बसलेले. मधेच एकदा दाबत होते. मग बराच वेळ काहीच नाही. बाहेर आल्यावर त्या मुलाला म्हणाले, "तुमचं मशीन बिघडलंय. दिवे लागतच नव्हते."

श्रावस्ती खिडकीकडं गेली.

गेलेलं परत येत नाही. थेंब नियमानं घातले तर उरलेलं टिकेल. "आणि गाडी," डॉक्टरबाई म्हणाल्या, "चालवायची नाही."

"सावकाश चालवली तर?"

"नाही, सर. सावकाशसुद्धा नाही."

एस.टी.त हे खिडकीशी बसले होते, मी कडेला. नळदुर्ग गेल्यावर म्हणाले, "तू आत्ता माझ्या कोणत्या बाजूला आहेस?"

"डाव्या."

"बोलत राहा जरा," म्हणाले.

शाळेतलं काहीबाही सांगत राहिले. ओढणी, टायर, कपबशी, माझी ती साडी, सगळं डोळ्यांपुढून जात होतं आणि मी पोषण आहाराचं सांगत होते.


शनिवार, २८ डिसेंबर

मी जीपनं शाळेला जाते. दाटीत, मांडीवर कुणाचं तरी लेकरू घेऊन. कटावर जीपवाला थांबतच नाही, घुसतो.

थेंब मी घालते. हे डोकं मागं टाकून बसतात. बोलत नाहीत. रणधीर येऊन गेला, त्याला हे झोपलेत म्हणून मला सांगायला लावलं. गाडीवर आच्छादन घातलं आहे. तरी सकाळी उठून धूळ झटकतात.

आत्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्या बोललेली की तुला." रागानं नाही म्हणाल्या. मग भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. त्यांचं हे एकदा बघून झालं आहे.


रविवार, ५ जानेवारी

आज बोलले. म्हणजे भांडले. रणधीरला बोलावून गाडी विकायला सांगतो म्हणाले. मी म्हटलं, नाही विकायची. मी चालवेन.

"तू?"

"माझ्याकडं लायसन्स आहे." गाडी आली तेव्हा दोघांनी उमरग्याला बरोबरच क्लास लावला होता, दोघं पास झालो होतो. त्यानंतर चावी माझ्या हातात कधी आलीच नाही. तू दमून येतेस, मी आहे ना, असं म्हणायचे. मलाही ते बरं वाटायचं.

"तुला कटाची भीती वाटते."

"वाटते."

"ही गाडी कटावर दगा देते. पिकअप नाही तिला."

मी इतकी दमले होते की आवाज चढवायचंही त्राण नव्हतं. नुसतं म्हटलं, "अहो, पुरे आता."

हे उठून बाहेर गेले. दारातून जाताना आधी हात पुढं करून चौकट चाचपली. हे नवीन आहे. डॉक्टरबाईंनी सांगितलं म्हणून, की आजवर लपवत होते म्हणून, मला माहीत नाही. विचारणारही नाही.

थोड्या वेळानं बाहेरून हाक आली, "चावी घेऊन ये."


गुरुवार, १६ जानेवारी

रोज शाळेतून आल्यावर बाजार समितीच्या मैदानावर. हे शेजारी बसतात. शिकवताना ह्यांचा आवाज जुन्या साहेबासारखा होतो. "क्लच सोड. एकदम नको. हं." आज पाच वेळा बंद पाडली. मोंढ्यातले हमाल बघत होते. एकजण म्हणाला, "बाई, दमानं." हे काच खाली करून म्हणाले, "दमानंच चाललीय. ही गाडी दुसरं काही करतच नाही."

स्वतःच हसले. डिसेंबरनंतर पहिल्यांदा.


रविवार, २ फेब्रुवारी

मुरूम ते हायवे, आणि तिथूनच माघारी. कटापर्यंत जायचं धाडस झालं नाही. उसाच्या दोन ट्रॉल्यांमागं अख्खा रस्ता रांगत गेलो. मागून एक मोठी गाडी भर्रकन पुढं गेली, पुढं दोन ट्रॉल्यांच्या मध्ये अडकली, आणि तशीच आमच्यापुढं रांगत राहिली. हे म्हणाले, "टर्बो असणार." 

दगडाबाईचं प्लास्टर निघालं. बोटं अजून नीट वळत नाहीत. खुरपं धरता येत नाही तिला. हे ऐकल्यापासून ह्यांनी जेवण अर्धं टाकलं. उद्या जाऊन खरं काय ते सांगून येतो म्हणाले.

गेले. सोमवारी सकाळी, जीपनं, एकटे. हे पुढचं मंगळवारी लिहिते आहे. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाले. काय बोलणं झालं ते मला पूर्ण सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "मावशी म्हणाली, डोळ्याचं व्हतं व्हय, मग आदी सांगायचं की. मी म्हटलं, आधी मलाच माहीत नव्हतं." मग म्हणाले, "पण ते तितकंसं खरं नाही, पौर्णिमा."

मी थेंबाची बाटली शोधायला उठले.


सोमवार, १७ फेब्रुवारी

आज गाडी शाळेपर्यंत नेली.

हे सोबत होते. मला सोडून संध्याकाळपर्यंत गावातच थांबणार, दगडाबाईच्या उत्तरेश्वरबरोबर त्याच्या विहिरीच्या पाटाचं काहीतरी बघणार होते. पाण्याचं ह्यांना कळतं.

हायवेच्या तोंडाशी थांबले. उजवीकडून गाड्यांची रीघ. मोकळी जागा दिसली, मी क्लच सोडला, पाय दाबला. आणि खरंच, गाडी उचलेना. आवाज मोठा, चाल छोटी. पुढचा ट्रक वाटला होता त्यापेक्षा लवकर जवळ आला. मी घाबरून ब्रेक लावला, मागं घेतली.

म्हणजे हे खोटं बोलत नव्हते. गाडी दमानंच उचलते. कटावर ते जाणवतं. त्या एका जागी जाणवतं, आणि ती जागा मला रोज दोनदा ओलांडायची आहे.

मागं पिकअप व्हॅनवाला हॉर्नवर हॉर्न मारायला लागला. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे घुसायला सांगतील असं वाटलं. हे म्हणाले, "वाजवू दे. त्याच्या हॉर्ननं रस्ता मोकळा होत नाही."

थांबले. बराच वेळ थांबले. हात भरून आले. मग उजवीकडं लांबपर्यंत काहीच नाही असं झालं, तेव्हा घेतली, आणि गाडी आपल्या चालीनं कटात येऊन उभी राहिली. आता पलीकडची बाजू. तिकडं गाड्या डावीकडून येतात, ह्यांच्या बाजूनं.

ह्यांनी डॉक्टरबाईंनी शिकवलं तशी अख्खी मान वळवली, खांद्यासकट. बघितलं. परत समोर आणली. परत वळवली. मला ते बघवेना.

"डावीकडून मोकळं आहे," म्हणाले. "घे."

क्लचवरचा पाय सुटत होता. तरी मी थांबवला. ह्यांच्या छातीपुढून वाकले आणि स्वतः डावीकडं बघितलं. रस्ता मोकळा होता. लांबवर फक्त एक ट्रॅक्टर. हे बरोबर बोलले होते.

मी सरळ झाले तेव्हा हे माझ्याकडंच बघत होते. मला वाटलं, आता सगळं परत बिघडलं. काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं.

"बघत जा," हेच आधी म्हणाले. "मी मोकळं आहे म्हटलं तरी बघत जा. रोज."

मागं परत हॉर्न वाजला. मी गिअर टाकला.